यंत्राच्या पोटातले दफ्तर

ज्या यंत्राने आपले काम करून द्यायचे त्या यंत्रापाशीच त्याच्या कामाची रीत, त्याच्या मर्यादा आणि त्याचे दोष लिहून ठेवलेले असावेत, आणि ते वाचण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागू नये, कोणाच्या सवडीची वाट पाहावी लागू नये, इंटरनेटचाही टेकू लागू नये, ही अपेक्षा वरवर पाहता अगदी माफक आहे. परंतु घरातल्या धुलाईयंत्रापासून सरकारी कचेरीच्या खिडकीपर्यंत ती किती क्वचित पुरी होते हे ध्यानात घेतले, म्हणजे ज्या एका ठिकाणी ती पन्नासाहून अधिक वर्षे अखंड पुरी होत आली आहे त्या ठिकाणाकडे आपल्या सुशिक्षित वर्गाचे इतके दुर्लक्ष व्हावे याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. ते ठिकाण म्हणजे युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स आदी संगणकप्रणालींमधली ‘मॅन’ ही आज्ञा. टर्मिनल नावाची ती काळी, चित्रविहीन खिडकी उघडावी, ‘मॅन’ एवढे टंकित करून, थोडी जागा सोडून, ज्या आज्ञेविषयी जाणून घ्यायचे तिचे नाव लिहावे आणि एंटर दाबावे, की त्या आज्ञेचे साद्यंत माहितीपत्रक डोळ्यांपुढे उलगडते. तिरकी रेघ मारून शब्द लिहिला तर त्यातला नेमका भाग सापडतो, ‘क्यू’ दाबले की पत्रक मिटते. आरंभ करायला यापलीकडे शिकण्यासारखे त्यात फारसे काही नाही.

कोथरूडात राहणाऱ्या माणसाने हा विषय काढावा याला स्थलमाहात्म्याचेही कारण आहे. पौड रस्त्यावर १९८३ साली निघालेले महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि कर्वेनगरात १९९१ साली निघालेले मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय, या दोहोंमुळे आमच्या उपनगरातल्या निम्म्याअधिक खानावळी, अभ्यासिका आणि ‘कॉट बेसिस’च्या खोल्या संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी गजबजलेल्या असतात. वेताळ टेकडी ओलांडून पलीकडे उतरले तर पंचवटीत ‘सी-डॅक’ची वास्तू लागते, १९८८ साली स्थापन झालेल्या आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध करणाऱ्या त्या संस्थेचे नाव पुणेकराला सांगावे लागत नाही. त्याच बाजूला पाषाणला ‘आयसर’ संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक चालतो. असल्या महासंगणकांवर रंगीत चिन्हांवर बोट ठेवून काम होत नसते. तेथे संशोधकाला दुरून टर्मिनलमार्गेच प्रवेश मिळतो, आपले काम आज्ञा लिहूनच रांगेत लावावे लागते, आणि कोणत्या आज्ञेला कोणते पर्याय जोडायचे हे ज्याला पाहून घेता येत नाही त्याला प्रत्येक पावलाला दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. एवढे सगळे टेकडीच्या अल्याड-पल्याड असताना आमच्या इथला विद्यार्थी अडला म्हणजे प्रथम वरच्या वर्गातल्या मित्राला फोन करतो, मग वीस मिनिटांची एखादी चित्रफीत पाहतो, आणि अलीकडे तर थेट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादकाला विचारून मोकळा होतो. यंत्राच्या पोटात असलेले दफ्तर उघडावे हे त्याला सुचतच नाही.

एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. आमच्याच गृहरचना संस्थेतला एक तरुण एका छोट्या कचेरीचे संगणक सांभाळतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी रात्री सगळ्या हिशेबांची एक प्रत आपोआप बाजूला काढून ठेवली जावी, एवढी त्याची तजवीज होती. अशी वेळेवर व्हायची कामे ‘क्रॉन’ नावाच्या व्यवस्थेकडे सोपवतात. तिच्या ‘क्रॉनटॅब’ या फायलीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने भरायचे आणि पुढे आज्ञा लिहायची. त्याने तारखेच्या रकान्यात एक ते सात आणि वाराच्या रकान्यात सोमवार घातला. पहिल्या सात दिवसांत येणारा सोमवार तो पहिला सोमवार, हा हिशेब कोणालाही पटावा असाच. प्रत्यक्षात मात्र महिन्याचे पहिले सातही दिवस आणि शिवाय पुढचा प्रत्येक सोमवार अशा प्रती निघू लागल्या आणि साठवणीची जागा भरत आली.

“काका, दोन्ही अटी घातल्या आहेत, तरी हे रोज कसं काय सुटतंय?”

“मॅन उघडून पाहिलंस का?”

“पाहिलं ना. त्यात नुसते यादी दाखवायचे नि पुसायचे पर्याय आहेत. वेळ कशी लिहायची ते नाहीच.”

“ते पहिल्या विभागातलं. पाचवं उघड. मॅन, मग पाच, मग क्रॉनटॅब.”

पाचव्या विभागातल्या पत्रकात ती गोष्ट स्वच्छ लिहिलेली होती: तारीख आणि वार हे दोन्ही रकाने जर मर्यादित केलेले असतील, तर दोहोंपैकी कोणताही एक जुळला तरी काम सुरू होते. इतर रकान्यांच्या बाबतीत सगळ्या अटी एकदम जुळाव्या लागतात, आणि याच दोघांच्या बाबतीत तसे नाही. हा नियम तर्काने कोणाला सुचण्यासारखा नाही, तो वाचावाच लागतो. मग त्या तरुणाने तारखेची अट रकान्यातून काढून आज्ञेतच घातली आणि प्रकरण मिटले. एकाच नावाचे दोन कागद दोन निरनिराळ्या विभागांत असतात, पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात कार्यक्रमांनी प्रणालीच्या गाभ्याला घालायच्या हाका, तिसऱ्यात ग्रंथालयातली कार्ये, पाचव्यात फायलींची रचना, सहाव्यात खेळसुद्धा, आणि आठव्यात व्यवस्थापकाची कामे, ही विभागणी ठाऊक नसल्यामुळे किती जण पहिल्याच दारातून निराश होऊन परततात हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

या पत्रकांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो सांगताना थोडे रेंगाळलो तर वाचक क्षमा करतील. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. परंतु तिच्यासाठी मोठे यंत्र विकत घेऊन द्यायला वरिष्ठ राजी नव्हते. तेव्हा या मंडळींनी प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाचे अर्ज नीटनेटके टंकित करून देण्याची व्यवस्था लावण्याचा प्रस्ताव मांडला, त्या निमित्ताने पीडीपी-११ हे यंत्र पदरात पाडून घेतले, आणि १९७१ मध्ये पेटंट विभागातल्या टंकलेखिका युनिक्सवर कामही करू लागल्या. म्हणजे जगातल्या बहुतेक मोठ्या संगणकांना आज चालवणारी ही परंपरा आरंभी कारकुनी दस्तऐवजांच्या आश्रयाने वाढली. ज्या मजकूर-रचनेच्या साधनाने पेटंटचे अर्ज छापले जात त्याच साधनाने युनिक्सची स्वतःची माहितीपुस्तिका छापली गेली. तिच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाची बांधणी ठरीव होती: नाव, वापराचा सारांश, वर्णन, संबंधित फायली, हेही पाहा, आणि मग दोन असे मथळे, की ज्यांच्यापुढे आमच्या प्रशासनाने काही काळ नतमस्तक उभे राहावे.

पहिला मथळा दोषांचा. आज्ञेत कोणती उणीव आहे, कोणत्या प्रसंगी ती चुकते, हे तिच्या कर्त्यानेच तिच्या पत्रकात लिहून ठेवायचे. आपल्या मालाचे दोष मालाच्याच वेष्टनावर छापणारा व्यापारी आजवर कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. पण हा प्रघात पडला आणि टिकला, आजही शेकडो पत्रकांच्या तळाशी तो मथळा दिसतो. डग मॅकिलरॉय हे या मंडळींचे विभागप्रमुख, आणि पुस्तिका काटेकोर असावी असा त्यांचा आग्रह. ज्याला आपल्या कृतीचे वर्णन चार ओळींत करावयाचे असते आणि तिचे वैगुण्य जाहीर कबूल करावयाचे असते, त्याला ते वैगुण्य लिहून काढण्यापेक्षा दुरुस्त करणेच पुष्कळदा सोपे जाते, हा त्या शिस्तीचा मोठा गुण. दुसरा मथळा होता उत्तरदायी व्यक्तीचा: अडचण आल्यास कोणाला गाठायचे त्याची ओळखखूण, बहुतेक पानांवर थॉम्पसन किंवा रिची यांची. पुढच्या काळात हा मथळा गळून पडला. माझ्या मते तो गळायला नको होता.

पुढे, आधीच घडून गेलेल्या एका कायद्याच्या गोष्टीचाही परिणाम झाला. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी कंपनी १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीने दूरध्वनीखेरीज इतर धंदा करण्यापासून बांधली गेली होती. त्यामुळे युनिक्स तिला बाजारात विकता येईना, म्हणून विद्यापीठांना ती अल्प शुल्कात देण्यात आली, पण तिच्याबरोबर मदतीची, दुरुस्तीची वा शिकवणीची कसलीही हमी नव्हती. ज्याच्या हाती ती पडली त्याच्या हाती दोनच आधार राहिले, एक ती पुस्तिका आणि दुसरे आपल्यासारखेच अडलेले लोक. निराधारपणाने वाचनाची सवय लावली म्हणायचे.

आपल्याकडे असे काही कधी नव्हतेच असे मात्र कोणी समजू नये. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत दफ्तरखात्याचा मुख्य, हेमाद्री याच्या नावावर ‘मेस्तक’ सांगतात. पत्र कोणाला कसे लिहावे, हिशेब कसा ठेवावा, कारकुनाने कसे वागावे याचे नियम सांगणाऱ्या या मेस्तकांच्या नकला पुढे कित्येक शतके कारकुनांच्या हाती फिरत राहिल्या. लेखणी धरणाऱ्याने रीत विचारायची ती लिखित नियमाला, ही जाण मराठी दफ्तरात जुनी आहे. मात्र दफ्तर असणे निराळे आणि त्यातला कागद हवा तेव्हा हाती लागणे निराळे. पेशवे दफ्तराचे रुमाल पुण्यात वर्षानुवर्षे बांधलेले होते. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या थोड्या वर्षांत त्यांतून निवडलेले कागद ४५ खंडांत छापून काढले, तेव्हा कुठे ते अभ्यासकाशी बोलू लागले.

आणि आजचे म्हणाल तर २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाने प्रत्येक सार्वजनिक कचेरीवर मॅनसारखीच जबाबदारी घातलेली आहे. त्यातील कलम ४(१)(ख) अन्वये कचेरीने आपली रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये, निर्णयाची पद्धती, नियम व नियमपुस्तिका अशा १७ बाबी आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या आहेत, आणि हेतू हा की नागरिकाला अर्ज करण्याची पाळीच शक्यतो येऊ नये. हेतू उदात्त आहे यात शंका नाही. परंतु ज्यांनी ही १७ बाबींची पत्रके संकेतस्थळांवर उघडून पाहिली आहेत त्यांना बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांची नावे आणि बंद पडलेले दूरध्वनी क्रमांक तेथे भेटले असतील. कागद एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, अशी ताटातूट एकदा झाली की कागद शिळा व्हायला वेळ लागत नाही. लिनक्समध्ये ही ताटातूट होऊ दिलेली नाही. जे गाठोडे उघडून आज्ञा यंत्रावर बसवली जाते त्याच गाठोड्यातून तिचे पत्रकही येते, आज्ञा बदलली की पत्रक बदलते, आणि ‘डेबियन’ या लिनक्सच्या मोठ्या वितरणाच्या नियमावलीत तर, एखाद्या आज्ञेला पत्रक नसणे हा दोषच समजावा, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या सेवेचे माहितीपत्रक अद्ययावत नाही ती सेवाच सदोष समजावी, असा हुकूम आमच्या एखाद्या खात्याने काढून पाहावा!

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादकाला विचारण्यात गैर काय, असा प्रश्न तरुण वाचक करतील, आणि तो रास्त आहे. गैर काही नाही. कित्येकदा तो चटकन वाट दाखवतो. परंतु तो तुमच्या यंत्राविषयी बोलत नसतो, तो पुष्कळ यंत्रांविषयी एकदम बोलत असतो. ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेचेच घ्या. फाइल जागच्या जागी बदलण्याचा तिचा ‘आय’ हा पर्याय लिनक्सवर एकट्याने चालतो, पण मॅक संगणकावर त्याच्यापुढे जुन्या प्रतीच्या नावाचा प्रत्यय, मग तो रिकामा का असेना, द्यावाच लागतो. एकीकडची ओळ दुसरीकडे जशीच्या तशी नेली तर ती अडते, किंवा भलत्याच नावाची फाइल मागे ठेवून जाते. यंत्रावरचे पत्रक त्याच यंत्रावर बसवलेल्या सेडविषयी बोलते, शेजारच्या नाही. संवादकाने दिलेल्या ओळीची खातरजमा पत्रकावरून करून मगच ती चालवावी, एवढी सवय लागली तरी पुष्कळ झाले.

आता विद्यार्थ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि आमच्या पिढीला ते आवडतेही. पण ही पत्रके दुर्बोध आहेत हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. त्यांची शैली सूत्रांची आहे. चौकोनी कंसातले ऐच्छिक, उभ्या रेघेने तोडलेले त्यांपैकी एकच घ्यायचे, तीन टिंबे म्हणजे पुनरावृत्तीला मुभा, अशा संकेतांनी बांधलेली सारांशाची ओळ वैयाकरणाला प्रसन्न करील, नवशिक्याला नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला स्मरण देणे हे सूत्राचे काम. अजाणाला शिकवायला भाष्य लागते, आणि पतंजलीच्या महाभाष्याचे मराठी भाषांतर करणारे वासुदेवशास्त्री अभ्यंकर ज्या पुण्यात होऊन गेले त्या पुण्याला हे निराळे सांगायला नको. कित्येक पत्रकांत एकही उदाहरण नसते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या संगणकविषयक पुस्तकांनी भारतभरच्या विद्यार्थ्यांवर गारूड केले ते साध्या इंग्रजीमुळे आणि पानोपानी दिलेल्या उदाहरणांमुळे, आणि हे यश पत्रककारांनी अभ्यासण्यासारखे आहे.

आणि इंग्रजी हा अडसर आहेच. ही पत्रके जपानी, फ्रेंच, जर्मन, पोलिश अशा अनेक भाषांत स्वयंसेवकांनी नेली. मराठी पत्रके माझ्या पाहण्यात नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे आपण वाटले. परंतु साताऱ्याहून किंवा परभणीहून येऊन कोथरूडात खोली घेणारा मुलगा टर्मिनल उघडतो तेव्हा त्या अभिजाततेचा त्याला काडीइतका उपयोग नाही. येथे कोणी म्हणेल की हजारो पत्रकांचे भाषांतर करण्याचा घाट कोण घालणार. घालू नये, असेच माझेही मत आहे. सबंध पत्रकांच्या भाषांतराला हात घातला की ते काम दहा-वीस पत्रकांवर अडून बसते आणि मूळ बदलले की शिळे होते.

माझी सूचना त्याहून पुष्कळ लहान आहे. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर, नावाच्या मथळ्याखाली, त्या आज्ञेचे काम सांगणारी एकच ओळ असते, आणि मॅनला ‘के’ हा पर्याय जोडून एखादा शब्द शोधला असता तो या ओळींतच शोधला जातो. आज्ञेचे नाव ठाऊक नसताना तिच्यापर्यंत पोचण्याची तीच जवळची वाट आहे, आणि नवशिका अडतो तो नेमका तेथे, कारण पत्रक मागायला नाव लागते आणि नाव तर पत्रकातच असते. तेवढ्याच ओळी प्रथम मराठीत आणाव्या. नित्याच्या दोन-तीनशे आज्ञांच्या ओळी, फार तर त्यांखाली दोन उदाहरणे. मग विद्यार्थ्याने ‘नक्कल’ किंवा ‘छपाई’ असे शोधावे, त्याला इंग्रजी आज्ञेचे नाव मिळावे, आणि तेथून पुढे त्याने मूळ इंग्रजी पत्रक वाचावे. मॅनच्या व्यवस्थेत निरनिराळ्या भाषांच्या पत्रकांना स्वतंत्र जागा पूर्वीपासूनच राखून ठेवलेली आहे, तेव्हा त्यासाठी नवे यंत्र उभारायला नको. टर्मिनलवर देवनागरीची जोडाक्षरे आणि काना-मात्रा पुष्कळदा विस्कटतात, ही अडचण खरी आहे. परंतु ‘सी-डॅक’च्या ‘जिस्ट’ विभागाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम ज्या शहरात चालवले, त्या शहरात या अडचणीवर उपाय काढणारे हात मिळणार नाहीत असे मानायला मी तयार नाही.

दुसरी सूचना महाविद्यालयांना. संगणकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मुले आज्ञा पाठ करून जातात, जर्नलमध्ये त्या उतरवून काढतात आणि तोंडी परीक्षेत त्या म्हणून दाखवतात. हे सगळे ज्या यंत्रासमोर चालते त्याच्याच पोटात प्रत्येक उत्तर पडलेले असते. इंटरनेट खुशाल बंद करावे, पण मॅन उघडे ठेवावे, आणि प्रश्न असे काढावेत की विद्यार्थ्याने पूर्वी कधी न पाहिलेली आज्ञा पत्रकावरून वाचून चालवून दाखवावी. परीक्षकाला थोडे अधिक कष्ट पडतील, कारण उत्तरे तयार छापलेली नसतील. विद्यार्थ्याचे पाठांतर त्यात मोजले जाणार नाही, त्याचे वाचन मोजले जाईल. नोकरीत पहिल्याच आठवड्यात त्याची परीक्षा होते ती वाचनाचीच.

या मराठी ओळी लिहिण्याचे काम त्याच मुलांकडून करून घेता येईल. प्रत्येकाला सत्रात पाच-सहा आज्ञा वाटून द्याव्या, अध्यापकाने मसुदा तपासावा, आणि सबमिशनच्या वेळी तीच ओळ, तिची उदाहरणे आणि आज्ञा चालवून पाहिल्याचा पुरावा असे तिन्ही घ्यावे. ओळी चुकतील, काही ठिकाणी वाद होतील, दोन महाविद्यालयांत एकाच आज्ञेची दोन वर्णने होतील, आणि ती एकत्र बसवणारा कोणी संपादक लागेल. एक अट मात्र आरंभापासून घालावी: प्रत्येक मराठी पत्रकाच्या तळाशी दोषांचा मथळा असावा आणि त्याखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे असावीत, म्हणजे चूक सापडल्यास ती कोणाला कळवायची हा प्रश्न कोणाला पडणार नाही.